आता दुसऱ्या बाजूनं बोला

मेहरे सर पहिल्यांदा माझ्या घरी आले तेव्हा मी त्यांना नाही म्हणायचं ठरवूनच दार उघडलं होतं. आपल्या अमरावतीत त्यांनी विज्ञान जत्रा सुरू केली होती. तिथल्या वादविवादाला त्यांना सभापती हवा होता आणि कुणीतरी माझं नाव सुचवलं होतं. मी नुकतीच कॉलेजातून निवृत्त झाले होते. खुर्चीवर बसून त्यांनी चहा घेतला आणि माझी सगळी कारणं शांतपणे ऐकली. विज्ञान हा माझा विषय नाही. जन्मभर इंग्रजी शिकवलं, त्यामुळे मराठीत सभा चालवायची सवय नाही. गर्दीत मला नकोसं होतं. आणि माझी संध्याकाळ ठरलेली असते.

"बरोबर हाये," ते म्हणाले. "एकही कारण खोटं नाई. आता येण्याच्या बाजूनं बोला."

"म्हणजे?"

"तुमी न येण्याच्या बाजूनं बोलल्या. थे झालं. आता दुसऱ्या बाजूनं बोला. मी आयकून राहिलो."

मला हसू आलं, पण ते हसत नव्हते, खरोखर वाट पाहत होते. मग मी थोडं चिडून आणि थोडं गंमत म्हणून बोलू लागले. विज्ञान माझा विषय नाही, म्हणजे मी कुणाची बाजू घेणार नाही. वर्गात गोंधळ आवरायची सवय आहे. आणि ठरलेल्या संध्याकाळी मी नेमकं काय करते, हे सांगायला गेले तर सांगण्यासारखं काही निघेना. सरांनी कप खाली ठेवला. "मंग शनिवारी सहा वाजता," म्हणाले आणि चपला घालून निघाले.

मुलांनो, मागच्या वेळी फोनवर तुम्ही विचारलंत की आजी, तू भांडण झालं की मध्येच गप्प का होतेस. त्याचं उत्तर देण्यासाठी मला या माणसाबद्दल लिहायला हवं. तुम्ही त्यांना कधी पाहिलं नाही.

नामदेवराव मेहरे मूळचे हिवरखेडचे. घरी भाजीपाल्याचा मळा. वांगी, मिरची, सांभार म्हणजे कोथिंबीर विकून वडिलांनी त्यांना शिकवलं. अकोल्याच्या शाळेत त्यांनी जन्मभर विज्ञान शिकवलं आणि निवृत्तीनंतर मुलाच्या नोकरीमुळे ते अमरावतीला राहायला आले. उंच, काटकुळे, पांढरा शर्ट बाहेर काढलेला. भाषणातही ते घरच्यासारखंच बोलत. एकदा एका पाहुण्यांनी त्यांना सुचवलं की माईकवर थोडी प्रमाण भाषा वापरावी. सर म्हणाले, "वापरतो ना. पन मंग लोकं समजतीन का मी कोनाचं तरी पाठ करून आलो."

जत्रा थंडीत भरायची, एक वर्ष अमरावतीला, एक वर्ष अकोल्याला, कुठल्यातरी शाळेच्या मैदानावर. एका बाजूला टेबलं मांडलेली असत. कुठे कांद्याची साल सूक्ष्मदर्शकाखाली, कुठे मातीची तपासणी, कुठे बरणीतले साप. अंधार पडला की दुर्बिणीसमोर गुरू पाहायला रांग लागायची. दुसऱ्या बाजूला बचत गटाच्या बायकांचे गिला वड्याचे आणि रोडग्यांचे स्टॉल. मधल्या मांडवात व्याख्यानं. दोन व्याख्यानांच्या मध्ये दंडार, म्हणजे आपल्या वऱ्हाडातलं नाच-गाणं-सोंगांचं लोकनाट्य. जंतू आणि साबण यांचं भांडण लावून देणारी एक दंडार इतकी रंगायची की लोक पुढच्या वक्त्यालाही "वन्स मोअर" द्यायचे. व्याख्यानं सकाळी आणि करमणूक संध्याकाळी, असं सुटसुटीत वेळापत्रक मी पहिल्याच वर्षी करून दिलं होतं. सरांनी ते मोडलं. "तसं केलं त सकाळी खुर्च्या राहतीन आन् संध्याकाळी लोकं," म्हणाले.

पण लोक यायचे ते मुख्यतः वादविवादाला. त्याची रीत सरांनी घालून दिलेली. दोन बाजू, दोन बाकं. अर्धा वेळ झाला की सभापतीने पितळी ताटावर चमचा वाजवायचा. मांडव ओरडायचा, "पलटी." मग वक्त्यांनी उठून बाकं बदलायची आणि ज्याच्या विरुद्ध आतापर्यंत बोलले, त्याच बाजूने बोलायचं. बक्षीस होतं संत्र्यांची टोपली. ती मिळायची दुसऱ्याची बाजू जो अधिक चांगली मांडेल त्याला.

पहिल्यांदा बोलणाऱ्याची फजिती ठरलेली. बहुतेक जण बाक बदलल्यावर समोरच्याची नक्कल करायचे, त्याला मूर्ख दाखवायचे. मग सर मागून उठायचे. "बावा, तू त्याचं सोंग काढून राहिला. बाजू नाई मांडली. सोंग काढाले दंडारवाले हायेत, त्यायच्या पोटावर पाय देऊ नोको." एकदा वास्तुशास्त्रावर वाद होता. राजापेठेतला एक वास्तुसल्लागार स्वतःच्या धंद्याविरुद्ध इतका छान बोलला की खाली उतरल्यावर म्हणाला, "सर, दोन गिऱ्हाईकं तिसऱ्या रांगेत बसली होती हो माझी." त्याच्या विरुद्धचा तरुण कार्यकर्ता तावातावाने आला होता. पलटीनंतर तो एका नव्या घरात एकट्या राहणाऱ्या बाईच्या भीतीबद्दल बोलला. बोलता बोलता आम्हाला कळलं की ती बाई त्याची आई. त्या वर्षी संत्री त्याला मिळाली.

ही रीत कुठून आली, असं मी सरांना विचारलं होतं. ते म्हणाले, "कॉलेजात गेलो तवा ग्रहणावरून मी बापाले चार लोकांत गप्प केलं. बाप गप्प झाला. मले वाटलं, जिकलो. पन त्याले पटलं नोयतं, मॅडम. गप्प करनं येगळं, पटवनं येगळं. तवाच मी त्याच्या बाजूनं पाच मिनिटं बोललो असतो, त मले त्याचा भेव समजला असता."

या रीतीचा मला स्वतःला जो उपयोग झाला तो तुमच्याशी संबंधित आहे. तुमच्या बाबाला परदेशी नोकरी मिळाली तेव्हा आजोबांना जाऊन थोडेच महिने झाले होते. मी त्याला काही बोलले नाही, पण मनात भरपूर साठवलं. त्या हिवाळ्यात जत्रेच्या तयारीसाठी आम्ही अकोल्याला निघालो होतो. बडनेऱ्याहून गाडी सुटली आणि मी सरांना सगळं सांगितलं. एकुलता मुलगा, आईला या वयात एकटं टाकून जातोय, वगैरे. सगळं ऐकून ते म्हणाले, "बरोबर हाये. आता पोराच्या बाजूनं बोला."

मला इतका राग आला की मूर्तिजापूर येईपर्यंत मी खिडकीबाहेर पाहत बसले. तिथे गाडी थांबली. सरांनी दोन चहा घेतले, एक माझ्या हातात दिला. गाडी हलली आणि मी बोलू लागले. अकोला आलं तरी माझं संपलं नव्हतं. ज्या आईने त्याला लहानपणापासून इंग्रजी पुस्तकं वाचून दाखवली आणि जग मोठं आहे म्हणून सांगितलं, तिलाच आता ते लहान हवं होतं. हे मी माझ्याच तोंडाने म्हटलं. परत आल्यावर तुमच्या बाबाचं सामान मी स्वतः बांधून दिलं. आपल्या घरात त्या जाण्याचा सल राहिला नाही. दर रविवारी आपण हसत बोलतो. त्याचं श्रेय मी या माणसाला देते.

आता सुमनताईंबद्दल सांगते. या सरांच्या पत्नी. माहेर मूर्तिजापूरकडचं, शेवंती आणि झेंडूची शेती करणारं. जत्रेत त्या बायकांच्या रांगेत पुढे बसायच्या आणि भाषण ऐकता ऐकता देवासाठी कापसाच्या वाती वळायच्या. एकदा अंधश्रद्धेवर बोलणाऱ्या वक्त्याचं लक्ष सारखं त्या वातींकडे जात होतं. नंतर त्याने सरांजवळ कुरकुर केली. सर म्हणाले, "ते वाती वळते पन तुमचं पूर्ण आयकते. तुमचे लोकं मोबाईल पाहून राहिले होते."

दोघांत एकाच गोष्टीवरून वाद होता आणि तो आम्हा सर्वांना ठाऊक होता. सरांना मरणानंतर आपला देह मेडिकल कॉलेजला द्यायचा होता. घरच्यांची संमती लागते आणि सुमनताई ती देत नव्हत्या. सर मनात आणते तर मुलाची संमती मिळवू शकले असते. ते त्यांनी केलं नाही. "तिले गप्प करून नाई द्यायचं," एवढंच म्हणत.

एका वर्षी वादविवादाला देहदान हाच विषय घेतला. बाजूने सर स्वतः बोलणार होते. विरुद्ध बाजूने अकोल्याचे एक वकील येणार होते. त्यांची गाडी वाटेत अडकली. मांडव भरलेला होता. मी माईकवरून विचारलं, विरुद्ध बाजूने कोण येतं? सरांसमोर उभं राहायला कुणी तयार होईना. मग बायकांच्या रांगेतून सुमनताई उठल्या, वाती पिशवीत टाकल्या आणि पदर खोचत स्टेजवर आल्या. सर बाकावरून अर्धवट उठले आणि पुन्हा बसले.

सर आधी बोलले. डॉक्टर होणारी मुलं कुणाच्या तरी देहावरच शिकतात, म्हणाले. बहुतेक वेळा तो बेवारशी माणसाचा असतो, ज्याला कुणी विचारलेलं नसतं. "त्या पोट्ट्यायले एकदा तरी असं शरीर भेटलं पायजे, का जे कोनी राजीखुशीनं देल्लं. मी जन्मभर शिकवलं. मेल्यावर सुट्टी कावून घेऊ?" टाळ्या पडल्या.

सुमनताईंनी माईक हातात घेतला नाही, वाकून त्याच्याजवळ तोंड नेलं. "सभापती बाई, मले भाषन येत नाई. माही सासू गेली तवा आमी तिले वावराच्या बांधावर अग्नी देल्ला. आजबी हिवरखेडले गेली का मी तिथं घडीभर बसते. तिले सांगते, बुढे, तुहा लेक अजूनबी कोनाचं आयकत नाई." लोक हसले. त्या हसल्या नाहीत. "हे कॉलेजात गेले, त मी कोन्या बांधावर बसू? ह्यायची तक्रार कोनाजोळ सांगू?"

वेळ झाली होती. मी ताटावर चमचा वाजवला. त्या दिवशी "पलटी" म्हणून कुणी ओरडलं नाही. नवराबायकोने उठून बाकं बदलली.

सरांनी सुरुवात केली, "सुमन म्हनते का..."

मी त्यांना थांबवलं. नियम त्यांचाच होता. "सर, सुमन म्हणते असं नाही. तुम्ही स्वतः म्हणा."

इतकं बोलणारा माणूस शब्द शोधताना मी तेव्हाच पाहिला. मग सावकाश म्हणाले, "मानूस गेला हे घरच्यायले लगेच समजत नाई. आगीसमोर उभं राहिल्यावर समजते. मी मेलो म्हंजे मी मोकळा. मांगं जे उरते, थे माह्यं नाई. ज्यायनं माह्यासाठी दार उघडं ठेवलं, त्यायचं थे. मंग जे माह्यं नाई थे मी दान कसं करतो?" आणि खाली बसले.

सुमनताई देहदानाच्या बाजूने उभ्या राहिल्या. "माही धाकटी बहीन बाळंतपनात गेली. डाक्टरीन नवी होती. तिचे हात थरथर कापत होते, मी पाह्यलं. मी तिले लय वाईट बोलली, तिच्या मायपर्यंत गेली. आता वाटते, त्या पोरीले शिकाले कोनी काही देल्लंच नसन. पह्यलं तिले माही बहीनच भेटली." सरांकडे मान वळवून म्हणाल्या, "मास्तरावर चार पोरींचे हात शिकले, त थे हात मंग कोनाच्या बहिनीवर कापनार नाईत. एवढंच."

सर त्यांच्याकडे पाहत राहिले. बहीण गेल्याचं त्यांना अर्थातच माहीत होतं. त्या डॉक्टर मुलीच्या हातांबद्दल इतक्या वर्षांत सुमनताई घरात कधी बोलल्या नव्हत्या.

संत्री मी सुमनताईंना दिली. टोपली जड होती म्हणून सरांनी ती त्यांच्या हातून घेतली. तेव्हा मागून कुणीतरी म्हणालं, "सर, बक्षीस हिसकू नोका." मग सगळेच हसले आणि मांडव मोकळा झाला.

त्यानंतर काही आठवड्यांनी सर माझ्याकडे आले. "मॅडम, मी मांगं घेतलं," म्हणाले. मला कळेना. "देहदानाचं. तिचं बरोबर हाये. मले आजपर्यंत वाटे का ते भेते. ते भेत नाई, तिले जागा पायजे. मी तिले सांगतलं, तुह्या मनासारखं होऊ दे." त्यांच्या आवाजात हरल्याचं काही नव्हतं. मी विचारलं, "त्या काय म्हणाल्या?" "काई नाई. चा ठेवला."

पुढे पुष्कळ जत्रा झाल्या. त्या दोघांनी तो विषय पुन्हा काढल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

सर गेले ते अगदी अचानक, एका सकाळी, अंगणात पेपर वाचताना. मी पोहोचले तेव्हा हिवरखेडहून त्यांचे धाकटे भाऊ आले होते. बांबू आणले होते, गाडी बोलावली होती, बांधावर नेण्याचं ठरत होतं. सुमनताई भिंतीला टेकून बसल्या होत्या. मुलाला म्हणाल्या, "गावची गाडी परत पाठव. कालेजात फोन कर. आन् पह्यले डोयेवाल्यायले बोलाव, त्यायले उशीर चालत नाई."

दीर चिडले. "वहिनी, भावानं थे कवाच मांगं घेतलं होतं. तुमच्याच पायी घेतलं. या मॅडमले इचारा."

सगळे माझ्याकडे पाहू लागले. मी खरं तेच सांगितलं. हो, सरांनी मागे घेतलं होतं, माझ्यासमोर तसं म्हणाले होते.

"माहीत हाय मले," सुमनताई म्हणाल्या. "त्यायनं माह्यासाठी मांगं घेतलं. मी त्यायच्यासाठी समोर करून राहिली. त्या दिवशी स्टेजवर मी जे बोलली, थे मले कोनी पाठ करून देल्लं नोयतं, भाऊजी."

"आन् बांधावर काय करान? तिथं त काईच नाई राहनार."

"नाई राहनार," त्या म्हणाल्या. "थे मले समजते. राहू द्या."

मग दिरांनी अंगणातले बांबू उचलून भिंतीकडेला ठेवले आणि गावच्या गाडीवाल्याला स्वतः फोन केला. डोळ्यांसाठी माणसं येऊन गेली. मेडिकल कॉलेजचीही गाडी आली. तिच्यासोबत एक तरुण डॉक्टर मुलगी होती, शरीररचना शिकवणारी. तिने सगळ्यांना नमस्कार केला आणि काय काय होईल ते हळू आवाजात समजावून सांगितलं. सरांना गाडीत ठेवलं. ती मुलगी दार लावू लागली तेव्हा सुमनताई उठून तिच्याजवळ गेल्या.

"बाई, याच्यावर पोरी शिकतीन ना?"

"हो आजी. पुढच्या वर्षीच्या बॅचला."

"मंग त्यायले एक सांगजो. ह्यायले डाव्या कानानं आयकू येत नोयतं. कोनाले सांगतलं नाई त्यायनं, डाक्टरले दाखवलं नाई. उजवा कान समोर करून भागवून घेत. कावून आयकू येत नोयतं, थे पाहा म्हना."

मी सरांच्या शेजारी इतकी वर्षं बसले होते. मला हे ठाऊक नव्हतं.

त्या मुलीने नुसती मान हलवली नाही. दार पुन्हा उघडं केलं आणि विचारलं, "लहानपणापासून होतं का, आजी? की नंतर झालं? कान फुटायचा का?"

सुमनताईंनी तिच्याकडे नीट पाहिलं. मग पदर सावरून त्या गाडीच्या पायरीवर बसल्या. त्या मुलीला शेजारी बसायला जागा केली आणि पहिल्यापासून सांगू लागल्या.